तळ्यातले कासव रचताना या चुका टाळा

टेबलटॉप भूमिकाखेळासाठी, म्हणजे मेजाभोवती बसून पात्रे वठवत फाशांवर खेळायच्या खेळासाठी, स्वतःचा प्राणी रचायला बसलेला डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) कधी ना कधी कासवाकडे वळतोच. कासव आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. देवळात शिरल्यावर गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेल्या दगडी कासवाला हात लावून पुढे जायची सवय अनेकांना लहानपणापासून असते. प्राणी रचताना मात्र हीच ओळख आड येते. कासव म्हटले की डोळ्यांसमोर दगड उभा राहतो आणि कागदावरही दगडच उतरतो: भरपूर एचपी (किती इजा सोसता येते तो आकडा), चढा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा), मंद चाल आणि जोडीला एक चावा. असा प्राणी वाचताना भक्कम वाटतो, पण मेजावर आला की लढाई जागची हलत नाही.

माझ्या मोहिमेत शेवाळपाठ नावाचा एक तळ्यातला प्राणी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर, पाचव्या पातळीच्या चार पात्रांसमोर उभा राहील अशा बेताने तो रचला आहे. त्याच्या पाठीवर बोटभर शेवाळ आणि काही ठिकाणी लव्हाळ्याची बेटे आहेत, मान हत्तीच्या सोंडेएवढी लांब आहे आणि तळ्याकाठच्या कोळ्यांना तो तिन्हीसांजेच्या उसाशावरून ओळखू येतो. हा प्राणी मी तीनदा नव्याने लिहिला. पहिल्या दोन वेळी मी कासव आधी रचले आणि तळे नंतर काढले; तिसऱ्या वेळी तळ्यापासून सुरुवात केली तेव्हा कुठे तो उभा राहिला. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका उलट क्रमातून निघालेल्या आहेत.

एसी वाढवून कवच दाखवणे

पहिल्या आवृत्तीत शेवाळपाठाचा एसी २० आणि एचपी १९५ होते आणि अंग आत ओढून घेतले की एसीत आणखी ४ मिळत होते. पाचव्या पातळीच्या योद्ध्याचा हल्ल्याचा बोनस, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, साधारण ७ असतो, म्हणजे एसी २० ला लागायला वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा अधिक पडावे लागतात आणि शंभरातले चाळीसच वार लागतात. चौघांच्या पार्टीचे (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाचे) एका फेरीत सहा हल्ले होतात आणि लागलेला प्रत्येक वार सरासरी दहाचा असतो असे धरले, तर फेरीला २४ इजा होते आणि लढाई आठ फेऱ्या चालते. कासव अंग आत ओढून बसले की एसी २४ होतो, वीसपैकी फक्त चार बाजू उपयोगाच्या उरतात आणि हीच लढाई सोळा फेऱ्यांवर जाते. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची असली तरी आमच्या मेजावर तिला आठ-दहा मिनिटे लागतात. त्या संध्याकाळी दहाव्या फेरीला एका खेळाडूने आपली पाळी आल्यावर नुसता फासा टाकला, आकडा सांगितला आणि मान पुन्हा खाली घातली. आपले पात्र काय करते आहे हे त्याने सांगितलेच नाही. प्राणी फसला आहे हे मला तेव्हा कळले.

ही चूक आधी लक्षात येत नाही, कारण चॅलेंज रेटिंगचे, म्हणजे प्राणी किती अवघड हे सांगणाऱ्या आकड्याचे, गणित तिला झाकून टाकते. डंजन मास्टरसाठीच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात संरक्षणाचे रेटिंग आणि हल्ल्याचे रेटिंग वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घ्यायला सांगितले आहे. १९५ एचपी म्हणजे संरक्षणाचे रेटिंग ९. त्या पातळीला अपेक्षित असलेल्या १६ पेक्षा एसी ४ ने जास्त असल्यामुळे ते ११ वर जाते. हल्ला मात्र फेरीला जेमतेम १२ इजा करणारा असेल, तर त्याचे रेटिंग १ भरते. सरासरी आली ६, आणि पाचव्या पातळीच्या पार्टीला ६ रेटिंगचा प्राणी अगदी योग्य आव्हान वाटतो. प्रत्यक्षात पात्रांना त्याच्यापासून धोका नसतो आणि त्यालाही पात्रांपासून फारसा नसतो. म्हणून सरासरी काढण्याआधी दोन्ही रेटिंगांमधले अंतर पाहावे. ते तीन-चाराच्या पुढे गेले असेल तर सरासरीवर विसंबू नये.

आता शेवाळपाठाचा एसी १५ आहे आणि एचपी १३६, म्हणजे १३ डी १२ (बारा बाजूंच्या तेरा फाशांची सरासरी) अधिक ५२. हल्ल्याचा बोनस ७ आहे. एक चावा १५ चा आणि दोन पंजे प्रत्येकी ११ चे, मिळून फेरीला ३७. हे आकडे ५ रेटिंगच्या ओळीत नीट बसतात. अंग आत ओढले की एसी १९ होतो, पण त्याची किंमत मोजावी लागते: त्या फेरीत त्याला चावता येत नाही, पोहता येत नाही आणि तो दगडासारखा तळाकडे बुडत जातो. मान पुन्हा बाहेर काढताच पहिला वार करणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून चढा आकडा घेता येतो. ही कल्पना मी खऱ्या कासवांवरूनच घेतली. उत्तर अमेरिकेतल्या स्नॅपिंग टर्टलच्या पोटाकडचे कवच इतके लहान असते की त्याला अंग पुरते झाकता येत नाही, आणि म्हणूनच जमिनीवर अडवले तर ते तुटून पडते. ज्या कासवांना कवच पुरते मिटता येते त्यांना एवढे चावरे असावे लागत नाही. कवचात शिरलेला प्राणी त्याच फेरीत तीन हल्ले करत असेल, तर खेळाडूंना त्याच्या शरीरावरून काहीच ताडता येत नाही.

कवचाला घर समजणे

चित्रांमध्ये आणि काही घरगुती स्टॅट ब्लॉकमध्ये (प्राण्याच्या आकड्यांच्या तक्त्यांत) कासव कवच सोडून बाहेर आलेले दिसते. कासवाला हे शक्य नाही, कारण कवच त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा एकमेकांत जुळून तयार झालेले असते. ते काढणे म्हणजे सांगाडाच काढणे होय. वरच्या शिंगासारख्या खवल्यांखाली जिवंत हाड असते आणि कवचाला स्पर्श कळतो. जादूच्या जगात वाटेल ते चालते हे मान्य केले तरी, कवचाला संवेदना नाही असे धरल्यामुळे आपण वर्णनाची एक मोठी संधी दवडतो.

आमच्या मेजावर एका चोर-पात्राने बुडत्या शेवाळपाठाच्या पाठीवरच्या लव्हाळ्याला धरले आणि तळहात शेवाळात घातला. तिथे मी एसीचा उल्लेख केला नाही. शेवाळाखालची पाठ कोमट आहे, हाताखाली एक मंद ठोका जाणवतो आणि तळहात ठेवलेल्या जागेभोवतीची कातडी घोड्याच्या अंगावर माशी बसल्यावर थरथरते तशी थरथरली, एवढेच सांगितले. त्या खेळाडूने उपसलेली कट्यार म्यान केली. नुसता आकडा सांगितला असता तर ती म्यान झाली नसती.

पाण्याला नुसता निळा रंग देणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. नकाशावर तळे निळे रंगवले जाते, पात्रे त्यात उतरतात आणि लढाई मात्र ओसरीवर चालावी तशी चालते. पाचव्या आवृत्तीत पाण्याखालच्या लढाईचे नियम थोडकेच आहेत, पण त्यांचा परिणाम मोठा होतो. ज्याला पोहण्याचा वेग नाही अशा पात्राला हातघाईच्या वारावर डिसॲडव्हांटेज येतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो; सुरी, फेकभाला, आखूड तलवार, भाला आणि त्रिशूळ एवढी शस्त्रे त्याला अपवाद आहेत. धनुष्याचा बाण नेहमीच्या पल्ल्याबाहेर लागतच नाही आणि पल्ल्याच्या आतही डिसॲडव्हांटेज असतो. क्रॉसबो, जाळे आणि भाल्यासारखी फेकायची शस्त्रे तेवढी पल्ल्याच्या आतल्या या डिसॲडव्हांटेजमधून सुटतात. पूर्ण बुडालेल्याला आगीची इजा निम्मीच होते.

आता वरचे गणित पुन्हा करून पाहावे. एसी १५ ला बोनस ७ असलेला वार शंभरात ६५ वेळा लागतो. डिसॲडव्हांटेज आला की दोन्ही फासे जमावे लागतात, म्हणून ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे साधारण ४२. हे प्रमाण जमिनीवरच्या एसी २० च्या जवळपास आहे. म्हणजे तळ्यानेच प्राण्याचा एसी पाचाने वाढवला. आपल्याला त्यासाठी कागदावर काहीच लिहावे लागले नाही. उलट, आधीच एसी २० दिलेले कासव पाण्यात नेले तर लागणारे वार शंभरात १६ वर येतात, आणि अंग आत ओढले तर ४ वर. माझी पहिली आवृत्ती खोल पाण्यात गेली असती तर ती लढाई संपलीच नसती. तळ्यातल्या प्राण्याला कवचाचा एसी देताना पाण्याने आधीच किती दिले आहे ते पाहूनच द्यावा.

या नियमातून एक चांगली गोष्टही हाती येते. तळ्याकाठच्या गावात कोळ्यांकडे भाले आणि त्रिशूळ असणारच. जी पार्टी लढाईआधी गावात चौकशी करते, कोळ्याच्या झोपडीत बसून गप्पा मारते आणि त्याच्याकडून दोन भाले मागून घेते, तिचे वार ४२ वरून पुन्हा ६५ वर जातात. जादूची तलवार घेऊन थेट पाण्यात उडी घेणाऱ्यापेक्षा साधा भाला घेतलेला पुढे राहतो. खेळाडूंना हे एकदा अनुभवाने कळले की पुढच्या प्रत्येक मोहिमेत ते गावकऱ्यांशी बोलायला थांबतात.

दुसरा गैरसमज श्वासाचा आहे. पात्रे बुडून मरतील या भीतीने अनेक डीएम पाण्याखालची लढाई टाळतात. नियमाप्रमाणे पात्र एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनच्या (शरीराच्या काटकपणाच्या) बोनसइतकी मिनिटे श्वास रोखू शकते. कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर बोनस २, म्हणून तीन मिनिटे, म्हणजे तीस फेऱ्या. एवढी लांब लढाई कोणी करत नाही, त्यामुळे नुसते बुडणे हा धोका उरतच नाही आणि पाण्यातला ताण निघून जातो. मी यासाठी एक घरचा नियम ठेवला आहे. प्रत्येक खेळाडूसमोर त्याच्या पात्राच्या मिनिटांइतके चिंचोके ठेवतो. शेवाळपाठाच्या जबड्यात सापडलेल्या पात्राला पाण्याखाली इजा झाली की १५ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा लागतो, म्हणजे फासा आणि बोनस मिळून १५ गाठावे लागतात. तो हुकला की तोंडातून बुडबुड्यांचा एक लोट जातो आणि एक चिंचोका उचलला जातो. चिंचोके संपले की मूळ नियम लागू होतो: बोनसइतक्या फेऱ्या, किमान एक, आणि मग पात्र शून्य एचपीवर. समोरचे तीन चिंचोके दोन झाले की खेळाडू कसे सरसावून बसतात ते पाहण्यासारखे असते.

तिसरी गोष्ट गाळाची. महाराष्ट्रातल्या नद्यांमध्ये आणि तळ्यांमध्ये मऊ पाठीची कासवे आहेत. ती तळाच्या चिखलात अंग पुरून बसतात आणि नळीसारखे नाक तेवढे बाहेर काढतात. शेवाळपाठही आपल्या पाळीला पंजाने तळ ढवळून वीस फुटांच्या परिघात गाळ उठवतो आणि दोन फेऱ्या तिथे काही दिसत नाही. त्याला स्वतःला पाण्यातल्या हालचालीवरून तीस फुटांपर्यंतचे सगळे कळते. इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. ज्याला आधीच डिसॲडव्हांटेज आहे त्याला गाळाने आणखी एक डिसॲडव्हांटेज येत नाही, कारण ते एकमेकांवर चढत नाहीत. गाळाचा खरा फटका बसतो तो भालेवाल्याला आणि ज्यांच्या मंत्रांना लक्ष्य दिसावे लागते अशा जादूगाराला. त्यामुळे पहिल्या फेरीत गाळ उठवण्यापेक्षा पात्रांची घडी बसल्यावर, तिसऱ्या फेरीच्या सुमारास उठवलेला बरा.

नकाशावर खोली लिहायला विसरू नये. आमच्याकडे तळ्याच्या कागदावर काठापासून ५, १५, ३० आणि ६० फूट असे पट्टे आखलेले असतात आणि शेवाळपाठ म्हणून लहान नारळाची करवंटी ठेवतो. ती तीन घरे गुणिले तीन घरे एवढीच भरते आणि ह्यूज, म्हणजे प्रचंड, आकाराच्या प्राण्याला तेवढीच जागा लागते. अंग आत ओढले की करवंटी पालथी, मान बाहेर आली की तिच्या कडेला एक काडेपेटीची काडी. बाजारातली महाग मूर्ती आणली असती तरी ही अवस्था इतक्या चटकन दिसली नसती.

तळ्याला पोटापुरतेही न देणे

एवढा मोठा प्राणी खातो काय, हा प्रश्न खेळाडू आज ना उद्या विचारतातच. डबक्याएवढ्या पाण्यात हत्तीएवढे कासव ठेवले की पुढची सगळी गोष्ट पोकळ होते. लोणारचे सरोवर पाहून तसे तळे मोहिमेत आणायचा मोह मराठी डीएमला होतोच, आणि उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेले ते विवर आहेही तसे देखणे. पण लोणारचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, त्यात मासे राहत नाहीत. तिथे मासे खाणारे कासव बसवण्याआधी त्याचे अन्न बदलावे लागेल. ते बदलण्यातूनच एखादा निराळा प्राणी निघू शकतो, त्यामुळे ही अडचण टाळण्यापेक्षा सोडवलेली चांगली.

काठावरून बाण मारणारी पार्टी

सर्वाधिक तक्रार याचीच असते. पात्रे पाण्यात उतरतच नाहीत, काठावर उभी राहून बाण आणि मंत्र सोडत राहतात, प्राणी बुडी मारतो, वर येतो, पुन्हा बाण खातो. यात खेळाडूंचा दोष नाही. शहाण्या माणसाने तेच करावे. दोष आहे तो आपण पाण्यात जायला कारण न दिल्याचा. तळाशी बुडालेल्या देवळाची घंटा, शेवाळपाठाच्या पाठीवरच वाढणारी औषधी वनस्पती, जाळ्यात अडकून खाली ओढला गेलेला कोळ्याचा मुलगा, यांपैकी काहीही चालेल, फक्त ते काठावरून हाती लागणारे नसावे.

याच्या उलट, कासवाला काठावर यायलाही कारण असते, ते आपण विसरतो. कासवाच्या जवळपास सगळ्या जाती जमिनीवरच अंडी घालतात. आयुष्य समुद्रात काढणारी ऑलिव्ह रिडलीची मादीसुद्धा त्यासाठी वेळासच्या वाळूवर येते. मग शेवाळपाठाची मादीही वर्षातून एकदा तळ्याकाठच्या रेताडात येणारच, आणि नेमक्या त्याच जागेवर गावाने नवा घाट बांधला असेल तर संघर्ष आपोआप उभा राहतो. जमिनीवर तिचा वेग २० फूट, पाण्यात ४०. पात्रांना जमिनीवर सगळे फायदे आहेत, वार पुरते लागतात, आग पुरती जाळते, आणि तरीही वार करावा की नाही हे ठरवणे अवघड जाते. माझ्या अनुभवात पाण्यातल्या लढाईपेक्षा हा प्रसंग खेळाडूंच्या अधिक लक्षात राहतो.

एकटा प्राणी, चौघांसमोर

चार पात्रांच्या चार पाळ्यांसमोर प्राण्याची एकच पाळी असली की तो आकड्यांनी कितीही मोठा असला तरी थिटा पडतो. यावर एचपी वाढवणे हा उपाय नव्हे. इनिशिएटिव्ह २० वर (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या आकड्यांतल्या २० वर) तळ्यालाच एक पाळी द्यावी. नियमांत यालाच लेअर ॲक्शन म्हणतात आणि तळ्यातल्या प्राण्याला ती फार शोभते: एका फेरीला लाट येऊन उथळ पाण्यातल्या पात्रांना दहा फूट आत ओढते, दुसऱ्या फेरीला शेवाळाचे तंतू पायांत गुंततात. तीच कृती लागोपाठ दोन फेऱ्या करू नये, एवढे पथ्य पाळले की पुरे.

तयार गोष्ट जशीच्या तशी उचलणे

पाचव्या आवृत्तीत ड्रॅगन टर्टल आधीपासून आहे. रेटिंग १७, एसी २०, एचपी ३४१ आणि साठ फूट पसरणारा वाफेचा फूत्कार, ज्याच्या इजेला पाण्याखाली असल्याची सवलत मिळत नाही. त्याचे आकडे निम्मे करून तळ्यात सोडले की आपला प्राणी झाला, असे वाटू शकते. परंतु तो समुद्रातला, जहाजांकडून खंडणी घेणारा प्राणी आहे; तळ्यात त्याच्या स्वभावाला काही कामच उरत नाही. ज्यांना आपला प्राणी पुढे छापायचा किंवा वाटायचा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. मूळ नियमांचा ५.१ हा संदर्भसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आणि ड्रॅगन टर्टल त्यात आहे. श्रेय देऊन तो वापरता येतो. त्या संचाबाहेरच्या पुस्तकांतल्या प्राण्यांना ही मुभा असेलच असे नाही, म्हणून उचलण्याआधी पाहून घ्यावे.

बेट समजून उतरावे आणि ते कासव निघावे, हा प्रसंगही आता खेळाडू दुरूनच ओळखतात. तो करायचाच असेल तर ती गोष्ट गावातल्या सर्वांना माहीत आहे असे धरून करावा.

जपानी लोककथांतला कप्पा या बाबतीत फार शिकवून जातो. त्याच्या पाठीवर कवच आहे आणि डोक्यावर पाण्याने भरलेला खळगा. ते पाणी सांडले की त्याचे बळ जाते. तो शिष्टाचाराला धरून असल्यामुळे त्याला वाकून नमस्कार केला की तोही वाकतो आणि पाणी सांडते. त्याचे मर्म त्याच्या शरीरावर उघड दिसते आणि स्वभावातून हाती येते. त्याची नक्कल करण्यापेक्षा ही रीत घ्यावी. शेवाळपाठ थंड रक्ताचा आहे, म्हणून सकाळी तो एका ठरावीक खडकावर उन्हात पडलेला असतो, हे पात्रांना लढाईच्या दोन दिवस आधी दिसते. ज्याला त्यातून काही सुचले तो थंडीचा मंत्र वापरतो, आणि थंडीची इजा झाली की पुढच्या पाळीपर्यंत त्याचा वेग निम्मा होतो आणि त्याला गाळ उठवता येत नाही. हे मर्म मी कधीही स्वतःहून सांगत नाही.

आणि आपल्याजवळ तर अकूपार आहे. महाभारताच्या वनपर्वात इंद्रद्युम्न राजाची कीर्ती लोक विसरल्यामुळे तो स्वर्गातून खाली येतो. त्याला मार्कंडेय ओळखत नाही, हिमालयातले घुबड ओळखत नाही, सरोवरावरचा नाडीजंघ बगळा ओळखत नाही. शेवटी त्याच सरोवरातल्या अकूपार कासवाला हाक मारतात. ते पाण्याबाहेर येते, क्षणभर विचार करते, त्याचे डोळे भरून येतात आणि ते सांगते की याच राजाने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी हे सरोवर झाले. तळ्यातल्या कासवाजवळ कवच आणि जबडा यांहून मोठे असे काय असू शकते, ते या कथेत आहे: जगात कोणालाच आठवत नाही ते त्याला आठवते. शेवाळपाठाच्या तिसऱ्या आवृत्तीत मी हीच गोष्ट घेतली. त्याला बोलता येत नाही, पण पाण्यात त्याच्या पाठीवर हात ठेवणाऱ्याला तळ्याने पाहिलेला एक प्रसंग दिसतो.

चालू सेशनमध्ये गाडी अडली तर

लढाई रेंगाळते आहे असे वाटले तर निम्मे एचपी गेल्यावर शेवाळपाठाला सरळ खोल पाण्यात जाऊ द्यावे. खरी कासवे पाण्यात असताना बहुधा तेच करतात, आणि जखमी प्राणी साठ फुटांवर गाळात बसला आहे हे ठाऊक असलेली पार्टी आता काय करायचे यावर आपसांत बोलू लागते. उलट तो तीन फेऱ्यांत मरायला टेकला असेल तर गुपचूप एचपी वाढवू नयेत. खेळाडूंनी भाले मिळवले, थंडी ओळखली, उथळ पाण्यात त्याला गाठले, तर तो विजय त्यांचाच आहे. त्यावेळी तळ्याकडे लक्ष वळवावे: राखणदार पडताच पाणी गढूळ होते, मासे काठाला येऊन तडफडू लागतात आणि कोळी घरांतून बाहेर येतात.

एखादे पात्र पाण्याखाली शून्यावर गेले तर ते कुठे आहे हे लगेच नकाशावर खूण करून दाखवावे. ते दर फेरीला दहा फूट खाली जाते, असे मी धरतो. त्याला वर कोण आणणार हा प्रश्न इतरांसमोर ठेवला की खेळाडू आपापसांत फार वेळ न घालवता हालचाल करतात.

पार्टीला लढायचेच नसेल, तर ५ रेटिंगच्या प्राण्याचे १८०० अनुभवगुण पूर्ण द्यावेत. कपात करण्याचे काही कारण नाही. मात्र त्या सेशनला बसण्याआधी तळ्याच्या आठवणीतले तीन प्रसंग लिहून ठेवावेत, कारण पाठीवर हात ठेवलेला खेळाडू समोर असताना ते ऐनवेळी सुचत नाहीत. एक फार जुना असावा, तळे झाले तेव्हाचा. एक पात्रांपैकी कोणाच्या तरी घराण्याशी जोडलेला असावा. आणि एक गेल्या पावसाळ्यातला असावा, ज्यात रात्री नावेतून काहीतरी जड पाण्यात टाकणारा माणूस पात्रांनी गावात आधी पाहिलेला असेल.